पृथ्वीचा फेरफार

पृथ्वी ही आरंभी वितळलेल्या खडकाचा एक तप्त गोळा होती, हे विधान इतर नगरांत शास्त्रीय पुराव्यानिशी सिद्ध करावे लागत असेल. खामगावात वैशाखातल्या दुपारी ते नुसते उच्चारले तरी पुरते. बारा ते पाच या वेळात येथील कापसाचा बाजार, चांदीच्या पेढ्या, कचेऱ्यांतील कारकून आणि रस्त्यावरील कुत्री या सर्वांचे व्यवहार आपोआप तहकूब होतात, घरोघर दारे-खिडक्या लावून कूलरच्या टाकीत पाण्याच्या बादल्या रिचवल्या जातात, आणि त्या ओलसर झोतात सारे कुटुंब दूरचित्रवाणीसमोर आडवे होते. अशा प्रसंगी मालिकांतील सासवासुनांपेक्षा भूगर्भावरील माहितीपटांकडे माझ्या मनाचा ओढा अधिक असतो. कारण खंडाखंडांत जी भांडणे तेथे दाखवतात त्यांचा निकाल, काही कोटी वर्षांनी का होईना, लागलेला असतो.

ही अभिरुची आमच्या गावात फार पुरातन नाही. १९९५ साली डिस्कव्हरी आणि १९९८ साली नॅशनल जिऑग्राफिक या वाहिन्या भारतात अवतरल्या. त्यापूर्वी भूगर्भशास्त्राशी आमचा संबंध विहीर खणताना आधी मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो, व त्या दोहोंची मजुरी निराळी असते, एवढ्या ज्ञानापुरताच मर्यादित होता. पुढे या वाहिन्या हिंदीतून बोलू लागल्या तेव्हा त्यांचा प्रवेश माजघरापर्यंत झाला. तथापि मगरीने हरणाचा पाय धरल्याची वार्ता निवेदक ज्या घोगऱ्या आवाजात देई, त्याच आवाजात तो हिमयुग येऊन ठेपल्याचेही कळवीत असल्यामुळे, आमच्या आजीचा हिमयुग हे एखादे जनावर असल्याचा समज झाला होता आणि ते शेवटी कोणी मारले याची ती अखेरपर्यंत चौकशी करीत असे.

अशा माहितीपटांची रचना बारकाईने पाहणाऱ्यास असे आढळून येते की, पृथ्वीचा इतिहास जितका अनपेक्षित आहे तितकाच त्याचा माहितीपट अपेक्षित असतो. प्रथम अवकाशातून निळी पृथ्वी दिसते. नंतर नगारे वाजतात. मग एक शास्त्रज्ञ, ज्याच्या अंगावर धुवट शर्ट आणि पाठीवर पिशवी असते, तो मागे पुरेशी सपाट जागा असतानाही कड्याच्या अगदी टोकाशी येऊन उभा राहतो, हातोडीने एक कपची फोडतो, तिजकडे भिंगातून पाहतो, क्वचित् तिला जीभही लावतो, आणि आपण उभे आहोत ती जागा एकेकाळी समुद्राचा तळ होती असे हर्षभराने जाहीर करतो. ब्रिटिश वाहिनीसाठी इयन स्टुअर्ट या स्कॉटिश भूशास्त्रज्ञाने २००७ साली पृथ्वीच्या सामर्थ्यावर आणि २०१३ साली खंडांच्या उदयावर ज्या मालिका केल्या, त्यांत हा उत्साह इतका निर्व्याज आहे की, त्या गृहस्थास दगड दिसला की प्रेक्षकालाही नातलग भेटल्याचा आनंद होतो. पण प्रत्येकाची गोष्ट तशी नाही. बहुतेकांची पृथ्वी सदैव कोपलेली असते. ती एकतर फुटते, नाहीतर फाटते, नाहीतर बुडते. सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वीची ती सुमारे दहा किलोमीटर व्यासाची उल्का मेक्सिकोवर कोसळण्यास पाव सेकंद उरतो, डायनासोर मान वर करून पाहतो, आणि तत्क्षणी जाहिराती लागून एक सद्‌गृहस्थ अमुक सिमेंटचे घर पिढ्यानपिढ्या टिकते अशी ग्वाही देऊ लागतो. डायनासोरांना एवढी उसंत प्रत्यक्षात मिळाली असती, तर ते सर्वच्या सर्व सुरक्षित स्थळी पोहोचले असते.

कालगणनेच्या बाबतीत तर या मंडळींचे औदार्य पाहून नगरशेठनेही लाजावे. कोटी वर्षे ते सुट्या नाण्यासारखी उधळतात, आणि मनुष्यास त्याची पायरी दाखवण्यासाठी एक घड्याळ पुढे करतात. पृथ्वीचे वय ४६० कोटी वर्षे. ते सारे एका अहोरात्रात बसवले, तर आधुनिक मनुष्यप्राणी मध्यरात्रीस जेमतेम पाच-सहा सेकंद उरले असताना उगवतो. हे गणित ऐकून युरोपातील प्रेक्षकास म्हणे विनम्र वाटते. मी ते आमच्या वऱ्हाडापुरते पुढे चालवून पाहिले. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, आणि त्यानंतर जमिनीची मोजणी, हद्दीचे दगड, नकाशे, नंबर, पोटहिस्से यांचा जो अवाढव्य कारभार येथे उभा राहिला, तो अखिल कारभार या घड्याळात एका सेकंदाच्या सुमारे तीनशेव्या हिश्श्यात उरकतो. एवढ्या अल्प अवकाशात आमच्या बुलढाणा जिल्ह्याने जितके दिवाणी दावे, अपिले, फेरतपासण्या आणि ताबेपावत्या निर्माण केल्या, तितकी कार्यक्षमता पृथ्वीने आपल्या उभ्या आयुष्यात कोठे दाखवल्याचे मला आढळलेले नाही.

माझ्या शेजारी जे नाना राहतात त्यांची सारी हयात या मोजणीतच गेली. साखळी, फळी आणि टाक घेऊन त्यांनी घाटावरची व घाटाखालची शिवारे पालथी घातली असून, ज्या जमिनीचा नकाशा नाही ती जमीन अस्तित्वात आहे हे मान्य करण्यास त्यांचे मन आजही तयार होत नाही. त्यांच्या घरचा कूलर नादुरुस्त झाल्यापासून ते दुपारी आमच्याकडे येतात, आणि आमचे शेत ठोक्याने करणारे बापूही उन्हे उतरेपर्यंत उंबऱ्याशी टेकलेले असतात. त्या दिवशी पडद्यावर इथिओपिया होता. २००५ सालच्या सप्टेंबरात तेथील दब्बाहू ज्वालामुखीच्या परिसरात थोड्याच दिवसांत सुमारे साठ किलोमीटर लांबीची भेग पडून जमीन काही ठिकाणी आठ मीटरपर्यंत दुभंगली, आणि आफ्रिका खंड दोन तुकड्यांत फाटत असल्याचा प्रत्यक्ष पुरावा जगापुढे आला. निवेदक थरारून गेला होता. नानांची दृष्टी मात्र दूरचित्रवाणीच्या पडद्यावर नसून तिच्या मागच्या भिंतीवर स्थिरावली होती.

त्या भिंतीस खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी खाली उतरत गेलेली एक भेग आहे. दर दिवाळीस तीत लांबी भरून वरून रंग दिला जातो, आणि दर होळीस ती रंगासकट पुनश्च प्रकट होते. मे महिन्यात तीत दहा रुपयांचे नाणे कडेने सहज आत सरकते. आषाढातल्या दोन-तीन झडी पडून गेल्या की तेथे नखालाही वाव राहत नाही. याचे कारण घराखालची काळी माती. काळ्या पाषाणाचा हजारो वर्षे कुजून जो भुगा झाला, त्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे एक चिकण खनिज असते. ते पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आक्रसते, व त्याच्या या श्वासोच्छ्वासाबरोबर वरची घरे वर्षातून एकदा उचलली आणि एकदा टेकवली जातात. ज्या गुणामुळे ही माती ओल धरून कपाशी पिकवते, त्याच गुणामुळे ती भिंत फोडते. कापूस हवा आणि भेग नको, असा करार तिने कोणाशी केलेला नाही. इथिओपियाची भेग पाहण्यासाठी छायाचित्रकार विमाने करून गेले. आमची भेग त्यांच्याच चित्रणाच्या मागे दोन वितींवर होती, पण ती चालू व्हायला नाही म्हटले तरी आठ महिने लागतात, आणि एवढा वेळ कोणत्याही वाहिनीपाशी नसतो.

इथिओपिया आटोपल्यावर हिंदुस्थान आला. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून विभक्त होऊन हा भूखंड उत्तरेकडे निघाला. वाटेत त्याचा वेग वर्षास पंधरा सेंटिमीटरांच्याही वर गेला. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो आशियास जाऊन भिडला, आणि त्यानंतर मंदावला असला तरी थांबलेला नाही. आजही तो वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतच आहे. निवेदकाने येथे नियमाप्रमाणे हाताच्या नखांचा दाखला दिला, कारण नखे वाढण्याच्या वेगाशी भूपट्टाची तुलना केल्याशिवाय असा माहितीपट पुरा होऊ शकत नाही. उंबऱ्याशी बसलेल्या बापूंनी आपली तीन बोटे जुळवून पाहिली आणि म्हटले, "म्हंजे धुरा कोरनंच झालं हे!"

सबंध भूगर्भशास्त्राचा असा मर्मग्राही सारांश मी कोणत्याही वाहिनीवर ऐकलेला नाही. ज्यांना वऱ्हाडचा अनुभव नाही त्यांच्या माहितीसाठी सांगितले पाहिजे की, दोन शेतांमधील धुरा हा येथील सर्व नात्यांचा आणि सर्व वैरांचा उगम असून, शेजारी तो एका रात्रीत कधीच गिळंकृत करीत नाही. तो दर साली वखराची शेवटची पाळी मारताना बैल किंचित आत घालतो, आणि धुऱ्याची दोन-तीन बोटे माती आपल्या वावरात ओढून घेतो. इतकी थोडी, की तक्रार करणारा हास्यास्पद ठरावा, आणि इतक्या सातत्याने, की नातवाच्या काळात धुऱ्यावरची बाभूळ शेजाऱ्याच्या वावराच्या मध्यभागी उभी दिसावी. भारतीय भूपट्टाने आशियाच्या बाबतीत नेमका हाच मार्ग पत्करला आहे. फरक असलाच तर एवढाच की, या अतिक्रमणात उकरलेल्या मातीचा जो ढीग झाला त्यास हिमालय म्हणतात, आणि तो हटवण्याची नोटीस अद्याप कोणी काढलेली नाही.

नाना मात्र अस्वस्थ झाले. सारी जमीन जर सरकत असेल तर आपण आयुष्यभर रोवलेल्या हद्दीच्या दगडांची काय कथा, ही शंका त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट उमटली.

"आपले नंबर बी सरकले असतीन मंग?" बापूंनी विचारले.

"सारं शिवारच संगं सरकते, बाप्पा," नाना क्षणभर विचार करून म्हणाले. "दगडासगट, नकाशासगट. आपसातलं अंतर तसंच राह्यते. फेरफार घ्याचं काम नाही."

एवढे बोलून त्यांनी समाधानाचा निःश्वास सोडला. आल्फ्रेड वेगेनर या जर्मन विद्वानाने १९१२ साली खंडे सरकतात हा सिद्धान्त मांडला, तेव्हा भूशास्त्रज्ञांनी त्याची यथेच्छ टर उडवली होती. कारण तो मूळचा हवामानशास्त्रज्ञ, आणि दुसऱ्या खात्याच्या माणसाने आपल्या दप्तरात हात घालावा हे कोणत्याच खात्यास रुचत नाही. बिचारा १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावला, आणि त्याचे म्हणणे मंजूर व्हायला १९६० चे दशक उजाडावे लागले. त्याच्या समोर बापू आणि नाना यांच्यासारखे श्रोते असते, तर पहिल्याच बैठकीत मान्यता मिळून फक्त नुकसानभरपाईचा मुद्दा शिल्लक राहिला असता.

वस्तुतः आमच्या जिल्ह्याइतका भूगर्भाच्या हुकमतीत नांदणारा जिल्हा विरळा. येथील माणसाची ओळख जातीने किंवा पक्षाने होण्याआधी तो घाटावरचा की घाटाखालचा यावरून होते. चिखली, मेहकर, लोणार घाटावर, तर खामगाव, शेगाव, मलकापूर घाटाखाली. आणि सोयरीक जुळवताना मुलीचा बाप पत्रिकेखालोखाल याच गोष्टीचा विचार करतो. हा घाट म्हणजे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांची तुटकी कड. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या दख्खनच्या पाषाणात दोन काळ्या थरांच्या मध्ये ठिकठिकाणी तांबड्या मातीचा एक बारीक पट्टा दिसतो; एक लाव्हा थिजल्यानंतर दुसरा येईपर्यंत जो दीर्घकाळ गेला, त्यात पहिल्याच्या पाठीवर ऊनपाऊस पडून ती माती तयार झाली. माहितीपट दाखवतो ते काळे थर. त्यांत आग आहे. तांबड्या पट्ट्यात केवळ वाट पाहणे आहे, म्हणून तो कोणी दाखवीत नाही.

उत्तरेकडची हकिकत याहून निराळी नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचत गेली, आणि तिच्यावर पूर्णेने आणि तिच्या उपनद्यांनी गाळ टाकण्याचे काम इतक्या चिकाटीने केले की, काही ठिकाणी तो शेकडो मीटर जाड झाला आहे. त्या गाळात अडकून पडलेल्या क्षारांमुळे अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जाणारा खारपाणपट्टा निर्माण झाला. तेथे विहिरीस पाणी लागल्याचा आनंद पहिल्या घोटापर्यंतच टिकतो. खाऱ्या भूमीचे नाट्य चित्रित करण्यासाठी वाहिन्यांचे लोक चिलीच्या वाळवंटात तंबू ठोकतात, आणि तेथील पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून भयचकित होतात. तोच थेंब संग्रामपूर तालुक्यातली गृहिणी रोज वरणात घालून पाहते, आणि डाळ शिजत नाही म्हणून चुलीवरून उतरवते.

नाही म्हणायला, जिल्ह्याचा एक पुत्र मात्र पडद्यावर चमकला आहे, आणि तो म्हणजे लोणार. घाटावरील हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद असून त्याच्या तळाशी खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. पुराणात विष्णूने लवणासुराचा येथे वध केला, आणि दैत्यसूदनाचे देऊळ त्याची साक्ष देत गावात उभे आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची दृष्टी त्यावर पडली; नंतर दीर्घकाळ विद्वानांनी तो ज्वालामुखीच असल्याचा निर्वाळा दिला; अखेर १९७३ साली अमेरिकन आणि भारतीय संशोधकांनी तेथील खडकात प्रचंड आघातानेच बनणारी काच दाखवून हे उल्केचे काम असल्याचे ठरवले. पुराण आणि विज्ञान यांचा एरवी कितीही बेबनाव असो, वरून कोणीतरी आले आणि खाली खड्डा पडला, या मुद्द्यावर लोणारपुरते त्यांचे एकमत झाले आहे.

वयाचा घोटाळा मात्र चालूच राहिला. हे विवर सुमारे ५२,००० वर्षांचे असल्याचे पाठ्यपुस्तकांनी आम्हांस शिकवले. २०११ साली निराळ्या पद्धतीने तपासणी होऊन ते सुमारे ५,७०,००० वर्षांचे असल्याचे प्रसिद्ध झाले. सरकारी नोकरास सेवापुस्तिकेतील जन्मतारखेत एका वर्षाची दुरुस्ती करून घ्यायची तर शाळा सोडल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि दोन साक्षीदार लागतात, आणि एवढे करूनही अर्ज मुदतबाह्य ठरतो. लोणारने पाच लाखांहून अधिक वर्षे एका फटक्यात वाढवून घेतली आणि कोणी हरकत घेतली नाही. पुढे २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पाणी आटून खारेपणा वाढल्यामुळे क्षारप्रिय सूक्ष्मजीव माजले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. तोपर्यंत देशोदेशींच्या वार्ताहरांनी लोणारचे नाव घेतलेले होते, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते रामसर यादीतही गेले. विवर पाच लाख वर्षे मुकाट्याने आपल्या जागी बसले होते तेव्हा कोणास सवड झाली नाही. ते रंगले तेव्हा सर्वांस झाली. आम्हां खामगावकरांस तर अजूनही पुण्या-मुंबईचा पाहुणा आल्याखेरीज लोणारची वाट सापडत नाही.

माहितीपटाचा समारोप भविष्याने होतो. पंचवीस कोटी वर्षांनंतर सर्व खंडे पुनश्च एकत्र येऊन एकच महाखंड होईल, असे म्हणून निवेदक नकाशा जुळवून दाखवतो. आमच्या जिल्ह्यात भविष्याची निकड यापेक्षा तातडीची आहे. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे दर अक्षय्य तृतीयेस शेतात घट मांडतात, भोवती धान्ये ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची हालचाल पाहून यंदाचा पाऊस, पीक आणि राज्यकारभार यांविषयी भाकीत वर्तवतात. ते शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही, हे मी जाणतो. परंतु भेंडवळचे भाकीत चुकले तर आश्विनापर्यंत कळून येते आणि भाकीत करणाऱ्यास पुढल्या साली पुन्हा त्याच लोकांपुढे बसावे लागते. महाखंडाच्या भाकितास अशी कोणतीही जोखीम नाही. बापूंनी तो नकाशा लक्षपूर्वक पाहिला आणि त्यात कापसाचा भाव काय राहील एवढेच विचारले.

माझी तक्रार शास्त्राबद्दल नाही. चलच्चित्राच्या घाईबद्दल आहे. भूगर्भाचे सारे रहस्य त्याच्या विलंबात आहे, आणि माहितीपट तेवढाच वगळून बाकीचे दाखवतो; पाच कोटी वर्षांचे धुरा कोरणे तो दीड मिनिटांत उरकतो, आणि पाहणाऱ्याची समजूत होते की पर्वत हे नगाऱ्यांच्या तालावर उठतात. खरा माहितीपट काढायचा तर कॅमेरा बोथ्याच्या घाटाखाली रोवावा, संगीत बंद ठेवावे, आणि तासभरात एखादा खडा घरंगळला तर घरंगळू द्यावा. पहिल्या पाच मिनिटांत जाहिरातदार निघून जातील. वऱ्हाडातील प्रेक्षक मात्र जागचा हलणार नाही, कारण याहून संथ गोष्टी पाहण्याचा त्याचा सराव फार जुना आहे. १८७० साली लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा लोहमार्ग कापसासाठी सुरू झाला. तो पुढे घाट चढवून जालन्यापर्यंत न्यावा, ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. तिची सर्वेक्षणे झाली, अहवाल झाले, निवेदने झाली, आश्वासने झाली. रूळ खामगावच्या स्थानकाशी येऊन जे थांबले ते थांबले.

मी कागद घेऊन हिशेब मांडला. वर्षाला पाच सेंटिमीटर या दराने १८७० पासून आजवर खामगाव सुमारे पावणेआठ मीटर सरकले आहे. म्हणजे या मार्गाच्या बाबतीत प्रत्यक्ष झालेली हालचाल ती एवढीच, आणि तीही ईशान्येस, जालन्याच्या नेमकी विरुद्ध दिशेस. हे दुःखद निष्पन्न मी नानांपुढे ठेवले.

"जालनं बी त्याच पट्टावर हाय ना?" त्यांनी विचारले.

"आहे."

"मंग ते बी आपल्या मांगं मांगं येतेच हाय. अंतर वाढलं नाही, म्हंजे जुनी मोजनी चालते." एवढे बोलून त्यांनी चष्मा पुसला आणि रिमोट माझ्या हाती दिला. "तो पंचवीस कोटी सालानंतरचा नकाशा पुन्हा येईन तवा थांबवजा बरं. रुळाची रेघ दिसते का पाहू."